ब्रॉड स्ट्रीटची विहीर आणि पाच तिजोऱ्या : सेंट जेम्स पॅरिश, वेस्टमिन्स्टर, १८५४ ते १८९४

एप्रिल १८५५. लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर ४० क्रमांकाच्या घरासमोर सार्वजनिक विहीर होती आणि तिच्यावर हातपंप बसवलेला होता. तिच्या बाहेरची माती उकरली, तेव्हा घराचा मैलाखड्डा आणि विहीर यांच्या भिंतींमध्ये फक्त २ फूट ८ इंच अंतर निघाले. घराच्या मोरीच्या विटा इतक्या सैल झाल्या होत्या की जोर न लावता हाताने उचलता येत होत्या. मधली माती मैल्याने चिंब झालेली होती. आदल्या वर्षी, १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या काळात, त्या परिसरात पटकीने (कॉलऱ्याने) ६१६ माणसे दगावली होती.

पटकी पाण्यातून पसरते असे म्हणणारा डॉक्टर जॉन स्नो, त्याचा मृत्यूंचा नकाशा आणि या पंपाचा काढलेला दांडा ही हकिकत सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते. तिची हिशेबाची बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. ती मोरी दुरुस्त करायला त्या काळात एक दिवस आणि दोन गवंडी पुरले असते. पण पैसे कोणी द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीवर आखलेल्या स्थानिक कारभाराच्या विभागातल्या, एकाही तिजोरीपाशी नव्हते. या प्रकरणाचा गाभा तोच आहे, म्हणून साथीइतकाच वेळ आपण घरपट्टीलाही देणार आहोत.

पॅरिश कशी होती

सेंट जेम्स गरीब पॅरिश नव्हती. दक्षिणेला पिकॅडिली, सेंट जेम्स स्क्वेअर आणि पॅल मॅलचे क्लब होते. १८५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. उत्तरेचा बर्विक स्ट्रीट उपविभाग मात्र लंडनमधला सर्वांत दाट वस्तीचा उपविभाग होता : एकरी ४३२ माणसे. एकेकाळच्या सरदारी घरांत आता खोलीगणिक एक कुटुंब राहत होते, तळमजल्यावर शिंपी, चांभार, दागिन्यांचे कारागीर. घराचा मूळ मालक एक, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा दुसऱ्याकडे, त्याने मजले दिले तिसऱ्याला आणि खोल्यांत पोटभाडेकरू. मोरी तुंबली की ही साखळी एकमेकांकडे बोट दाखवत राही. भाडेपट्ट्याची चार-पाच वर्षे उरलेला मधला माणूस जमिनीखालच्या कामात पैसा घालत नसे, कारण त्याचा फायदा मुदत संपताच मूळ मालकाला जाणार. याला नुसता कंजूषपणा म्हणून भागत नाही, त्या व्यवहाराची बांधणीच तशी होती.

खर्च पाच ठिकाणी विभागलेला होता. रस्ते, फरसबंदी, दिवे आणि सार्वजनिक पंप पॅरिशकडे, म्हणजे व्हेस्ट्री (पॅरिशचा कारभार पाहणारी सभा) आणि तिच्या मंडळांकडे. गरिबांचे साहाय्य, वर्कहाउस (निराधारांना ठेवून काम करवून घेणारे आश्रयगृह) आणि गरिबांचे डॉक्टर बोर्ड ऑफ गार्डियन्सकडे. रस्त्याखालची मोठी गटारे १८४८ पासून मेट्रोपॉलिटन कमिशन ऑफ सूअर्सकडे. नळाचे पाणी न्यू रिव्हर आणि ग्रँड जंक्शन यांसारख्या खासगी कंपन्यांकडे. आणि घराच्या उंबरठ्यापासून रस्त्याच्या गटारापर्यंतची मोरी, शौचकूप व मैलाखड्डा घरमालकाकडे. आजारी माणूस इस्पितळात न्यायचा झाला, तर जवळचे मिडलसेक्स हॉस्पिटल देणग्यांवर चालत होते, म्हणजे तेही घरपट्टीच्या बाहेर.

लोक विहिरीचे पाणी का पीत होते, याचे निम्मे उत्तर याच मांडणीत आहे. कंपनीचे पाणी दिवसातून थोडा वेळ येई, बहुधा रविवारी येतच नसे. ते साठवायला मालकाने टाकी बसवायची आणि ती साफ ठेवायची. पंप फुकट होता आणि चोवीस तास चालू होता. उरलेले निम्मे उत्तर चवीत आहे. त्या भागात लंडनच्या चिकणमातीवर खडी-वाळूचा थर आहे. त्यातून झिरपणाऱ्या मैल्यातले सेंद्रिय द्रव्य कुजून नायट्रेट होते आणि पाण्यात कार्बनिक आम्ल मिसळते. पाणी थंड, स्वच्छ आणि किंचित चमचमते लागते. आजूबाजूच्या विहिरींपेक्षा ब्रॉड स्ट्रीटचे पाणी चांगले, अशी ख्याती होती. पॅरिशमधून हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई तेच पाणी गाडीने मागवत असे. ती २ सप्टेंबरला पटकीने गेली, आणि हॅम्पस्टेडमध्ये तेव्हा पटकी नव्हती.

साथीचे दहा दिवस

३१ ऑगस्टच्या रात्री साथ फुटली. स्नोच्या तक्त्यात त्या दिवशी लागण ५६, दुसऱ्या दिवशी १४३, २ सप्टेंबरला ११६. २ सप्टेंबरला एका दिवसात १२७ मृत्यू. ८ सप्टेंबरपर्यंत नव्या लागणी १२ वर आल्या होत्या. दांडा त्याच दिवशी काढला गेला, त्यामुळे ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ हे आकड्यांत बसत नाही. बरेच लोक घरे सोडून पळाले होते आणि साथ आधीच ओसरत होती, हे स्नोने स्वतः लिहून ठेवले आहे.

पॅरिशने पहिला पैसा कशावर खर्च केला? रस्त्यांवर ब्लीचिंग पावडर टाकण्यावर. दुर्गंधीयुक्त हवेतून रोग होतो, हे तेव्हाचे अधिकृत मत, त्यामुळे वास मारणे हाच उपाय ठरला. हा खर्च सभासदांना मान्य व्हायला सोपा असतो : डोळ्यांना दिसतो, चालू वर्षाच्या घरपट्टीतून भागतो, कोणाच्या खासगी मालमत्तेला हात लावत नाही. आजही तुंबलेल्या वस्तीत आधी पावडर पडते आणि पाइप नंतर पाहिला जातो, त्यामागे हेच गणित असते.

स्नोच्या तपासाचा खर्च जवळपास शून्य होता. जनरल रजिस्टर ऑफिस या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीकडून त्याने आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांतल्या ८३ पटकीच्या मृत्यूंची यादी घेतली. जागेवर जाऊन पाहिले, तर ७३ घरांना हाच पंप सर्वांत जवळचा होता. १० घरे दुसऱ्या पंपाजवळची. त्या १० पैकी ५ कुटुंबे मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आणत होती, ३ मुले या पंपाजवळच्या शाळेत जात होती. जवळच्या ७३ पैकी ६१ जण हे पाणी पीत होते, ६ पीत नव्हते, ६ जणांबद्दल कळू शकले नाही.

मग त्याने उलट बाजू तपासली : मधोमध राहूनही जे वाचले ते का वाचले? पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाउसमध्ये ५३५ माणसे होती आणि मृत्यू फक्त ५, कारण आवारात स्वतःची विहीर आणि कंपनीचा नळ होता. ब्रॉड स्ट्रीटवरच्या दारूभट्टीत ७० कामगार, त्यांच्यातले कोणीच दगावले नाही : त्यांना रोज बिअर मिळे आणि भट्टीची स्वतःची खोल विहीर होती. शेजारच्या बंदुकीचा बार उडवणाऱ्या स्फोटक टोप्यांच्या कारखान्यात सुमारे २०० कामगार, पिण्यासाठी पंपाच्या पाण्याची दोन पिंपे भरलेली असत. तिथे १८ गेले.

वर्कहाउसचे उदाहरण हिशेबाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. पॅरिशमधले सर्वांत दरिद्री लोक वाचले, कारण त्यांच्या पाण्याचा खर्च एकाच मंडळाकडे, एकाच अंदाजपत्रकात होता. बाहेर घाम गाळून कमावणारा शिंपी मेला, कारण त्याच्या पाण्याला धनी कोणीच नव्हता.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नोने गार्डियन्सच्या सभेत जाऊन हे मांडले, दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. सभेला त्याचे म्हणणे पटले होते असे मानायला आधार नाही. दांडा काढायला खर्च नव्हता आणि मालकाची परवानगी लागत नव्हती.

विहीर आतून पाहिली, तेव्हा काहीच सापडले नाही

नोव्हेंबर १८५४ मध्ये व्हेस्ट्रीने चौकशी समिती नेमली. स्नो तिच्यात होता. सेंट ल्यूक चर्चचा सहायक पाद्री हेन्री व्हाइटहेडही होता, स्नोचे म्हणणे खोडून काढायच्या तयारीने आलेला. त्याच महिन्यात विहीर उघडून आतून तपासली गेली. भिंतीला भोक नाही, तडा नाही, असा निर्वाळा मिळाला आणि अनेकांच्या लेखी विषय संपला. पण विटांच्या विहिरीत पाणी झिरपूनच येते. भोक नसणे म्हणजे गळती नसणे नव्हे. पाहायची होती ती भिंतीच्या बाहेरची माती.

व्हाइटहेडने स्नोपेक्षा एक पायरी पुढचे काम केले : न मेलेल्यांची मोजणी. ब्रॉड स्ट्रीटच्या सुमारे ९०० रहिवाशांपैकी ९० मेले होते. त्याने घरोघर, काही घरी चार-पाच वेळा जाऊन, जवळपास ५०० जणांची माहिती मिळवली. पाणी प्यालेल्या १३७ पैकी ८० जणांना लागण, न प्यालेल्या २९७ पैकी २०. नुसत्या मृतांच्या यादीवरून हे गुणोत्तर निघत नाही. हा पाद्री त्या वस्तीला ओळखत होता, म्हणून दारे उघडली गेली.

मृत्यूच्या नोंदी पुन्हा चाळताना त्याला ४० क्रमांकाच्या घरातली एक ओळ दिसली : पाच महिन्यांची मुलगी, २ सप्टेंबर, आधी चार दिवस अतिसार, मग थकवा. तिच्यावर ‘पटकी’ असे लिहिलेले नव्हते, म्हणून ती कोणत्याच यादीत आली नव्हती. मुलगी आजारी पडली २८ ऑगस्टला, साथीच्या तीन दिवस आधी. लंगोट बादलीत भिजवून आई ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतत होती. यानंतर समितीने बाहेरून खणायचे ठरवले आणि सर्वेक्षक जेहोशाफट यॉर्कने ते काम केले.

खड्डा खरे तर मोरीतला सापळा म्हणून बांधला होता, म्हणजे घाण वाहून जावी आणि वास मागे येऊ नये म्हणून. बांधणी चुकल्याने तो तुंबून साठा झाला. त्याच्यावरच घराचे सामाईक शौचकूप होते आणि त्याला पाण्याचा पुरवठा नव्हता. पाण्याचा झोत नसल्याने घन भाग पुढे सरकत नाही, मागची पातळी चढते, चुन्याचे सांधे सतत ओले राहून झिजतात आणि द्रव भाग बाजूने मातीत जातो. तीन वेगवेगळे दोष : चुकीचा सापळा, पाण्याविना शौचकूप, गेलेले सांधे. एखादा असता, तर कदाचित निभावले असते.

मुलीचा बाप पोलीस शिपाई होता. तो ८ सप्टेंबरला, दांडा निघाला त्याच दिवशी, आजारी पडला आणि १९ ला गेला. त्याचा मैला त्याच खड्ड्यात गेला. दांड्याचे खरे मोल इथे आहे. पहिली लाट त्याने थांबवली नाही, पण दुसऱ्या लाटेची वाट बंद केली, आणि हा मुद्दा व्हाइटहेडनेच पुढे मांडला.

१८५५ चा कायदा : अधिकार आले, पैशाचे काय?

मेट्रोपोलिस मॅनेजमेंट कायदा १ जानेवारी १८५६ पासून लागू झाला. सेंट जेम्ससारख्या मोठ्या व्हेस्ट्र्यांकडे स्थानिक गटारे, रस्ते, दिवे आणि आरोग्य एकत्र आले. प्रत्येकीने आरोग्य अधिकारी आणि उपद्रव निरीक्षक (घाण, दुर्गंधी यांसारखे उपद्रव तपासणारा) नेमणे बंधनकारक झाले. सेंट जेम्सने चौकशी समितीतला डॉ. एडविन लँकेस्टर नेमला. मुख्य गटारे नव्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सकडे गेली.

घरमोरीबाबतची पद्धत अशी होती. निरीक्षक घर पाहतो, व्हेस्ट्रीला अहवाल देतो. शंभर फुटांच्या आत गटार असेल, तर ‘मोरी बांधा आणि जोडा’ अशी नोटीस मालकावर बजावता येते. मुदतीत काम झाले नाही, तर व्हेस्ट्री स्वतः करते आणि खर्च वसूल करते. मालक म्हणजे कोण? पूर्ण भाडे ज्याच्या हातात पडते तो. ही व्याख्या फार शहाणपणाची होती : भाडेपट्ट्यांच्या साखळीत मूळ मालक शोधत बसायची गरज उरली नाही, भाडे घेणाऱ्यालाच गाठायचे.

तरी काम अडे, आणि ते कुठे अडे ते पाहण्यासारखे आहे. व्हेस्ट्रीने आधी पदरचे पैसे घालायचे आणि ते चालू घरपट्टीतून काढायचे. वसुली महिनोन्‌महिने लांबे. त्यातून व्हेस्ट्रीचा सभासद व्हायला साधारणपणे ४० पौंड करपात्र मूल्याची जागा लागे. म्हणजे सभेत बसणारे दुकानदार आणि घरमालक, आणि नोटीस जायची ती बहुधा त्यांच्याच ओळखीच्या माणसाला किंवा त्यांनाच. आरोग्य अधिकारी बहुतेक ठिकाणी अर्धवेळ, पोटापाण्याला खासगी व्यवसाय करणारा. त्याचा पगार ठरवणारे हेच सभासद. फार नोटिसा काढणारा अधिकारी फार दिवस टिकत नसे.

आता आकडेमोड. घरपट्टी ‘पौंडाला इतके पेन्स’ अशी बसे, एका पौंडाचे २४० पेन्स. समजा पॅरिशचे एकूण करपात्र मूल्य ४ लाख पौंड आहे. पौंडाला १ पेनी बसवली की सुमारे १,६६७ पौंड येतात. तितकीच माणसे असलेल्या, पण १ लाख पौंड मूल्याच्या पॅरिशमध्ये त्याच पेनीचे सुमारे ४१७. एकच निरीक्षक आणि तेवढीच गटारे चालवायला गरीब पॅरिशला चौपट दर लावावा लागतो, आणि तोही अशा लोकांवर ज्यांना तो परवडत नाही. दर चढला की बरे घर असलेला माणूस निघून जातो, मूल्य आणखी घसरते. सेंट जेम्समध्ये श्रीमंत दक्षिण आणि गरीब उत्तर एकाच वहीत होती, म्हणून तिथे निदान पैसा उभा राहू शकत होता. पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनजवळ पिकॅडिली नव्हती.

त्याच्यावर बोर्ड ऑफ वर्क्सची मागणी येई. १८५८ च्या कायद्याने मुख्य गटारांसाठी ३० लाख पौंडांचे कर्ज मंजूर झाले, सरकारी हमीने, पौंडाला ३ पेन्स अशा चाळीस वर्षांच्या पट्टीतून फेडायचे. ४० पौंड मूल्याच्या घराला वर्षाला १० शिलिंग, म्हणजे १२० पेन्स. रक्कम बोर्ड ठरवी, वसूल व्हेस्ट्री करी. करदात्याच्या दारात उभा राहणारा माणूस व्हेस्ट्रीचा असल्याने शिव्याही व्हेस्ट्रीच खाई. मग ज्या खर्चावर तिचा ताबा होता, तिथेच काटकसर होई : निरीक्षक, झाडलोट, नोटिसांची आगाऊ रक्कम. मोठे गटार पूर्ण, घराची मोरी फुटकी, ही जोडी लंडनभर दिसते ती यामुळे. मुंबईत १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाला, त्याने बाजार, रस्ते आणि गटारांवर झपाट्याने खर्च केला, करदाते खवळले आणि त्यातून १८७२ चा कायदा आला. शहर वेगळे, पण सही एकाची आणि बिल दुसऱ्याच्या नावे, ही तक्रार तीच.

लँकेस्टरने पॅरिशच्या उथळ विहिरी रासायनिक आणि सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीखाली घेतल्या आणि त्या बंद कराव्यात असे तो सांगत राहिला. ब्रॉड स्ट्रीटची विहीर दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाली होती, लोकांना ती हवी होती. व्हेस्ट्रीपुढची अडचण नुसत्या अज्ञानाची नव्हती. विहीर बंद केली की शेकडो बिऱ्हाडांना पाणी द्यायचे कोणी? कंपनीवर तिचा हुकूम चालत नव्हता आणि मालकाला टाकी बसवायला लावणे म्हणजे पुन्हा नोटिसा. १८६६ मध्ये पटकी परत आली, तेव्हा कुठे हा पंप कायमचा बंद झाला.

१८६६ आणि त्यानंतर

त्या वर्षीच्या साथीचा घाला पूर्व लंडनवर पडला. ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावांतले न गाळलेले पाणी नळात आले होते. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार आणि वैद्यकीय निरीक्षक नेटन रॅडक्लिफ यांनी मृत्यूंचे पट्टे कंपनीच्या पुरवठाक्षेत्राशी जुळवून दाखवले. पश्चिमेची मुख्य गटारे चालू झाली होती, पूर्वेकडच्या सखल भागाचे काम अपुरे होते. ज्या पॅरिशांच्या पेनीचे सर्वांत कमी पौंड होत होते, त्यांच्याच वर्कहाउसवर विधवा आणि अनाथांचा भार आला.

१८६७ च्या मेट्रोपॉलिटन पुअर कायद्याने गरिबांच्या साहाय्याचा काही खर्च, त्यात साथीच्या रुग्णांची इस्पितळेही आली, सगळ्या लंडनच्या सामाईक निधीवर टाकला. वर्गणी करपात्र मूल्यावर, मिळणारी रक्कम झालेल्या खर्चावर. पैसा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहू लागला. पण हा निधी माणूस आजारी पडल्यावरचा होता. तो आजारी पडू नये यासाठीचा खर्च, म्हणजे निरीक्षक, मोऱ्या आणि झाडलोट, अजून ज्याच्या त्याच्या घरपट्टीवरच होता. त्यामुळे गरीब व्हेस्ट्रीला प्रतिबंध महाग आणि उपचार स्वस्त पडे, आणि तिचे अंदाजपत्रक त्याच दिशेने झुके.

ही गोष्ट बदलायला आणखी सत्तावीस वर्षे गेली. १८९४ च्या कायद्याने सगळ्या लंडनवर पौंडाला ६ पेन्स इतकी समान पट्टी धरली. जमा मूल्याप्रमाणे, वाटप मात्र लोकसंख्येप्रमाणे. मिळालेली रक्कम आरोग्य, दिवे आणि रस्ते यांवरच खर्च करायची, अशी अट घातली. बेथनल ग्रीनच्या एका माणसामागे आरोग्याचा एक किमान पैसा पहिल्यांदाच ठरला, आणि तो त्याच्या घराच्या किमतीवर अवलंबून नव्हता.